दोनशे अठ्ठ्याऐंशींतला एक तंतू

गुरुवार, १२ सप्टेंबर २०४१. सकाळचे ११ वाजून २० मिनिटे. वेणीमागावर चढवलेले तंतू २८८. त्यांपैकी तुटलेला १.

ही नोंद माझ्या खिशातल्या डायरीतली आहे. यंत्राच्या नोंदवहीत त्याच वेळेपुढे वेगळे शब्द आहेत : ‘खोटा इशारा. माग थांबला ५२ सेकंद.’ या दोहोंपैकी खरी नोंद कोणती, हे पुढचे नऊ महिने एका माणसालाच ठाऊक होते. तो माणूस मी.

माझे नाव विरूपाक्ष मुरदंडे. १९९४ साली मी तंत्रनिकेतनातून वस्त्रतंत्राची पदविका घेतली आणि त्यानंतर चाळीस वर्षे इचलकरंजीत मागांची उभारणी आणि दुरुस्ती केली. गावातल्या एका बंद पडलेल्या सूतगिरणीच्या जागेत अस्थिबंध केंद्र सुरू झाले, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना धाग्याचा ताण बोटांनी ओळखणारा माणूस हवा होता. वयाच्या साठाव्या वर्षी मला असे दुसऱ्यांदा कामावर घेतले गेले. त्याचा मला अभिमान होता. पुढे जे घडले त्यात या अभिमानाचा वाटा मोठा आहे, म्हणून तो आधीच सांगून ठेवतो.

आता थोडे शास्त्र.

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना गुडघ्याच्या आत तिरकी जोडणारी एक दोरी असते; तिलाच अस्थिबंध म्हणतात. करंगळीहून आखूड आणि तिच्याहून बारीक. नडगी पुढे घसरू नये आणि वळताना गुडघा पिळला जाऊ नये, याची राखण ती करते. धावता धावता पाय रोवून अंग वळवले की ती तुटते. एकदा तुटली की ती आपोआप सांधली जात नाही, कारण सांध्यातल्या द्रवामुळे तिच्या दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळीशिवाय जखमेला भरून यायला आधार मिळत नाही. पूर्वी शल्यचिकित्सक रुग्णाच्याच मांडीमागची किंवा वाटीखालची एक शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर, काढीत, दोन्ही हाडांत बोगदे पाडीत आणि ती शीर त्यांतून ओवून घट्ट बसवीत. पद्धत चांगली होती. पण एक जागा सांधण्यासाठी दुसरी उसवावी लागे.

आमच्या केंद्रात उसवणे नव्हते. रुग्णाच्या पेशी चिमूटभर घेऊन त्या वाढवायच्या, त्यांच्याकडून केसाहून बारीक तंतू करवून घ्यायचे, आणि असे २८८ तंतू चोवीस कांड्यांवर भरून त्यांची वेणी घालायची. त्यासाठीचे यंत्र म्हणजे वेणीमाग. काचेच्या निर्जंतुक पेटीत तो चालतो. आत हात घालायचे ते पेटीलाच बसवलेल्या हातमोज्यांतून. तयार झालेली वेणी मग चोवीस दिवस कोमट द्रवाच्या कुंडीत ताणायची आणि सैल सोडायची. हा ताण रुग्णाच्या धडधाकट पायाच्या चालीवरून मोजून घेतलेला असतो. पेशींना ज्या दिशेने ओढ जाणवते, त्या दिशेने त्या नवे धागे घालतात. अस्थिबंध शरीरात जाण्याआधीच आपल्या माणसाची चाल शिकतो.

तंतू तुटला, तर नियम एका ओळीचा होता : संपूर्ण वेणी रद्द. पेशी पुन्हा वाढवायच्या. सहा आठवडे.

त्या दिवशी मागावर होते हर्षाली चोपडे हिचे तंतू. वय एकोणीस, खो-खोची खेळाडू. खुंटाला वळसा घालताना तिच्या उजव्या गुडघ्यातली ही दोरी तुटली होती. तिचे वडील सर्जेराव सुताला खळ देणाऱ्या सायझिंगमधले जुने जॉबर, म्हणजे यंत्रे जुळवणारे कारागीर. त्याआधी मी उभारलेल्या मागांवर त्यांनी दहा वर्षे काम केले होते. गावातल्या खो-खो मंडळाचे प्रशिक्षकही तेच. त्या सकाळी बापलेक दोघे काचेपलीकडे उभे राहून पाहत होते.

“ह्यातलं माझं कुठलं ओ अण्णा?” हर्षालीने कुबडीवर रेलून विचारले.

“सगळेच तुझे.”

“एवढं? मग उरलं तर दुसऱ्या पायाला पण घाला की. राखीव खेळाडू.”

“गप ए,” सर्जेराव म्हणाले. “अण्णा, तिचं आगाऊपण सोडा. पुढच्या ऑगस्टात विद्यापीठाची निवड हाय. डॉक्टरीण दहा महिने म्हणतीया. दिवस मोजूनच बसतंय बघा गणित. एक आठवडा इकडंतिकडं झाला तर वरीस गेलं.”

“मागाचं मी बघतो,” मी म्हणालो.

ते गेले, आणि अर्ध्या तासाने माग थांबला. सातव्या कांडीवरचा एक तंतू तुटला होता.

पडद्यावर दोन पर्याय आले. ‘तंतू तुटला : वेणी रद्द’ आणि ‘खोटा इशारा : पुढे चालू’. दुसरा पर्याय सोयीसाठी दिलेला होता. तंतू ओले असल्यामुळे कधीकधी तंतूंवर नजर ठेवणाऱ्या प्रकाशाच्या डोळ्यावर थेंब बसे आणि काही तुटलेले नसतानाही माग थांबे. दिवसातून चार-पाच वेळा तसे होई.

माझे वडील वहिफणीचे काम करीत. मागावरचा जुना बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याला जोडून द्यायचा, हे ते काम. चिमटीत दोन टोके धरायची, बोटाला राख लावायची, एक पीळ द्यायचा आणि पुढच्या धाग्याला हात घालायचा. दिवसाला हजारो सांधे. त्यांचा सांधा कधी सुटलेला मी पाहिला नाही. एक धागा तुटला म्हणून अख्खा बीम कापून टाकणाऱ्या विणकराला आमच्या गावात लोक हसले असते.

मी हातमोज्यांत हात घातले. दोन टोके एकमेकांवर घेतली, रक्त गोठवणाऱ्या चिकट द्रवाचा एक थेंब दिला आणि पीळ दिला. सांधा इतका सफाईदार झाला की भिंगाखाली मलाच तो शोधावा लागला. मग ‘खोटा इशारा’वर बोट ठेवले. बावन्न सेकंद.

त्यानंतर डायरी काढून तारीख, वेळ आणि संख्या लिहिली, आणि कडेला एक टिंब दिले. कापडात दोष राहिला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधून ठेवतात, म्हणजे तपासणाऱ्याच्या लक्षात येतो. माझे टिंब कोणाच्या लक्षात येणार नव्हते. तरी हात सवयीने गेला.

चोवीस दिवसांनी कुंडीतून निघालेल्या अस्थिबंधाला शंभर किलोचा ताण दहा मिनिटे दिला. तो तसूभरही सरकला नाही. माझे मन निश्चिंत झाले. ७ ऑक्टोबरला डॉ. शबाना मुल्लाणी यांनी शस्त्रक्रिया केली. दोन्ही हाडांत बारीक बोगदे, त्यांतून वेणी, दोन्ही टोकांना विरघळणाऱ्या खुंट्या. पन्नास मिनिटांत सारे आटोपले. केंद्राच्या प्रमुखही डॉ. मुल्लाणीच होत्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, पण हाताने माझ्या वडिलांच्या जातकुळीच्या.

गुडघा किती घट्ट आहे ते मिलिमीटरमध्ये मोजतात. नडगी पुढे ओढायची, आणि धडधाकट पायापेक्षा ती किती जास्त सरकते ते पाहायचे. तीनपर्यंत फरक चालतो. पाचच्या पुढे गेला, तर अस्थिबंध निकामी समजायचा. जानेवारीत हर्षालीचा फरक दीड होता.

२६ जानेवारीला खो-खो मंडळाने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि फेटा. सर्जेराव ध्वनिक्षेपकावरून म्हणाले, “लोकं साडी विणत्यात, धोतर विणत्यात. आमच्या अण्णांनी गुडघा विणलाय!” टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या हर्षालीने दोन्ही पाय सरळ करून दाखवले आणि पोरी हसल्या. मी हात जोडले. त्या क्षणी मला तो सांधा आठवला नाही, असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. तो आठवला; आणि माझ्या सांध्यावर ही पोर पुन्हा धावणार, या विचाराने माझी छाती फुगली.

मार्चपासून ती म्हणू लागली की वळताना गुडघा ‘मागं राहतो’. सर्जेरावांनी मनावर घेतले नाही. डॉक्टरांनी व्यायाम वाढवून दिला.

सोमवार, ९ जून २०४२ रोजी मोजणी झाली. मोजणीच्या उपकरणाचा ताण मीच जुळवून देत असे, म्हणून मी खोलीत होतो. आकडा आला : साडेपाच.

डॉ. मुल्लाणींनी पुन्हा मोजायला लावले. पुन्हा साडेपाच.

त्यांनी हर्षालीच्या पायपट्टीची नोंद उघडली. घरी केलेला प्रत्येक व्यायाम त्या पट्टीत उमटतो. “एप्रिलमध्ये अकरा दिवस काहीच नाही,” त्या म्हणाल्या.

“प्रॅक्टिकल होती मॅडम. सकाळी सातला कॉलेज, संध्याकाळी जर्नल. नंतर भरून काढलं की मी.”

“जिवंत अस्थिबंधाला खाडा चालत नाही, बाळ. ओढ मिळाली नाही की पेशी आळसावतात.”

“पेशी नव्हं, ही आळसावली!” सर्जेराव उसळले. “मी घसा कोरडा करतोय मार्चपासनं. गुडघा मागं राहतोय म्हणं! गुडघा नाही, तूच मागं राहिलीस. साऱ्या गावाला सांगत फिरलो मी. आता कुठल्या तोंडानं सांगू?”

“बाबा, नको ना इथं.”

“इथं नको तर कुठं? अण्णांनी एवढी मेहनत घेतली. त्यांच्याकडं तरी बघ जरा.”

तिने माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात तक्रार नव्हती. ती माझी क्षमा मागत होती. “सॉरी अण्णा,” ती म्हणाली. “तुमचं काम वाया घालवलं मी.”

मी उपकरणाचा पट्टा गुंडाळत राहिलो. तो आधीच गुंडाळलेला होता.

डॉक्टरांनी पडद्यावर कारण नोंदवले : ‘रुग्णाकडून व्यायामात कसूर.’ केंद्राच्या नियमाप्रमाणे या कारणावर दुसरा जिवंत अस्थिबंध मिळत नाही. प्रतीक्षेतल्या लोकांचा हक्क आधी. हर्षालीला आता मांडीमागची शीर काढून जुन्या पद्धतीने शस्त्रक्रिया करून घ्यावी लागणार होती. धावणाऱ्या मुलीच्या मांडीतली शीर. दाराबाहेर जाताना सर्जेराव म्हणाले, “बास झालं. मॅट नाही, मंडळ नाही. आता घरात बसायचं.”

दोन दिवस मी केंद्रातली जुनी संशोधनपत्रे वाचली. आधी वाचायला हवी होती ती पाने आता वाचली, आणि माझी चूक मला शाळेतल्या धड्यासारखी समजली. कापडातला धागा मेलेला असतो. सांधा पहिल्या दिवशी टिकला की तो टिकलाच. कापड फाटेपर्यंत त्यात काही बदलत नाही. वेणीतला तंतू जिवंत असतो. सांध्याच्या जागी तो दुपदरी आणि ताठ होतो, त्यामुळे शेजारच्या पेशींना ओढ पोचत नाही. ओढ नाही म्हणजे काम नाही, असे समजून त्या पेशी आपल्याभोवतीचा धागा विरघळवू लागतात. मग भार पलीकडच्या तंतूंवर कलतो आणि तिथेही तेच होते. शंभर किलोच्या परीक्षेत यातले काहीच दिसत नाही. ते दिसायला सात-आठ महिने लागतात. नियम एका ओळीचा होता, कारण त्यामागचे कारण पानभर होते; आणि ते पान मी वाचलेले नव्हते. माझ्या बोटांना सारे येते, असे मी धरून चाललो होतो.

यंत्राच्या नोंदीत वर्षभरात हजाराहून अधिक खोटे इशारे होते. त्यांतला खरा कोणता, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नव्हते.

बुधवारी, ११ जूनला, मी डॉ. मुल्लाणींच्या खोलीत गेलो आणि उभ्यानेच सांगितले.

त्यांनी मधे एकदाही थांबवले नाही. संपल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“मुरदंडेसर, सोमवारी तुम्ही त्याच खोलीत होतात.”

“होय.”

“त्या मुलीने तुमची माफी मागितली.”

“होय.”

“मी तिच्या नावापुढे कसूर लिहिली. माझ्या हाताने.” त्यांनी पडद्यावर तिची नोंद उघडली. “एवढा एकच सांधा?”

“एकच,” मी म्हणालो.

का म्हणालो? मला वाटते, लाज एका हप्त्यात सारी सोसत नाही. माणूस पहिला हप्ता देतो आणि सुटलो असे समजतो. डायरी माझ्या खिशातच होती.

डॉक्टरांनी त्याच दुपारी हर्षालीच्या नावापुढचे कारण बदलले. दुसरा जिवंत अस्थिबंध मंजूर झाला. मला मागावरून उतरवले. चोपड्यांना मी स्वतः सांगतो, असे मी म्हणालो, आणि शनिवारी संध्याकाळी मंडळाच्या पत्र्याच्या सभागृहात गेलो.

मॅटवर लहान मुलींचा सराव चालला होता. हर्षाली गुडघ्याला पट्टा बांधून कडेच्या बाकावर शिट्टी आणि घड्याळ घेऊन बसली होती. तिचे नाव संघातून गेले होते. वेळ मोजण्याचे काम तेवढे उरले होते. सर्जेरावांनी मला पाहून खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही. जे घडले ते तारखेसह सांगितले.

सर्जेराव ऐकत राहिले. मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाले, “मार्चपासनं मी हिला आळशी म्हणतोय. चार माणसांत म्हणालोय. हिची आई मधे पडली, तर तिलाबी बोललोय.” त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपे गेले असते. “अण्णा, बीमला गाठ पडली तर तुम्ही उकलत होता. माझं हे बोलणं उकलून द्या.”



हर्षालीने शिट्टी वाजवून मुलींना थांबवले. मग माझ्याकडे वळून अगदी साध्या कुतूहलाने विचारले, “अण्णा, सांधताना भीती नाही वाटली?”

“नाही.”

“जरासुद्धा? हात नाही थरथरला?”

“नाही, बाळ.” खरे बोलण्याचे मी ठरवून आलो होतो.

तिने घड्याळाचे बटण दाबून शून्य केले. “मला पहिल्यांदा खुंटावरनं झेप घ्यायची होती, तेव्हा रात्रभर झोप नव्हती. शंभरदा घेतल्यावर भीती गेली.” ती थांबली. “म्हणजे तुम्हाला सवय होती. माझ्याआधी किती जणांचं झालंय, अण्णा?”

सर्जेरावांनी मान वर केली. मॅटवरच्या मुली खाली बसून आमच्याकडे पाहत होत्या.

मी खिशातून डायरी काढली. पण ती उघडणे मला त्या पोरीसमोर जमले नाही. मी ती तशीच तिच्या हातात दिली. “टिंबं मोज,” म्हणालो.

तिने पाने उलटली. अक्षर नीट होते; माझे अक्षर नेहमीच नीट असते. प्रत्येक टिंबाशी रुग्णक्रमांक, तारीख, वेळ आणि तुटलेल्या तंतूंची संख्या. ती बोटावर मोजत गेली, आणि शेवटच्या टिंबावर बोट तसेच ठेवून म्हणाली, “सात. शेवटची मी.”

“डॉक्टरांना ठाऊक आहे का हे?” सर्जेरावांनी विचारले.

“नाही. त्यांनी विचारलं होतं. मी एकच सांगितला.”

हर्षालीने डायरी मिटली, पण परत दिली नाही. “सोमवारी आपण दोघं जाऊ,” ती म्हणाली. “मी सोबत येते. नाहीतर परत एकच सांगाल.”

सोमवारी, १६ जूनला, सकाळी साडेनऊला आम्ही केंद्रात गेलो. डायरी तिनेच टेबलावर ठेवली. डॉ. मुल्लाणींनी सातही क्रमांक उतरवून घेतले आणि त्याच दिवशी उरलेल्या सहाजणांना बोलावणी पाठवली. मागाच्या पडद्यावरचा ‘खोटा इशारा’ हा पर्याय त्या आठवड्यातच काढण्यात आला. थेंबाने माग थांबला तरी आता दुसऱ्या माणसाने भिंगातून पाहून सही केल्याशिवाय तो सुरू होत नाही. माझी नोकरी गेली. चौकशीत मी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर दिले; ती अजून चालू आहे.

सहाजण जून-जुलैत एकेक करून आले. मी केंद्राच्या फाटकाशी उभा राहत असे आणि आत जाण्यापूर्वी प्रत्येकाला माझे नाव व माझे काम सांगत असे. हुपरीचे एक चांदीकारागीर होते. त्यांचा गुडघा जिन्यावर दोनदा दगा देऊन गेला होता, आणि आमच्याच केंद्रातून त्यांना ‘वजन कमी करा’ असे सांगून परत पाठवले होते. त्यांनी आठ किलो कमी केले होते. “मी म्हटलं, माझंच चुकतंय,” ते म्हणाले. जयसिंगपूरच्या एक परिचारिका होत्या. त्यांनी माझे बोलणे पुरे ऐकून घेतले आणि एकही शब्द न बोलता आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हाही त्या माझ्यासमोरून तशाच गेल्या.

हर्षालीची दुसरी वेणी नव्या तंत्रज्ञाने घातली. एक तंतू सुरुवातीलाच तुटला. वेणी रद्द झाली आणि सहा आठवडे गेले. ऑगस्टची निवड तर तिच्याशिवायच होणार होती, तशी झाली. त्या सहा आठवड्यांबद्दल ती मला एवढेच म्हणाली, “ह्या वेळी नियमानं गेले, तेव्हा चालतंय.”

सातही जणांच्या गुडघ्यांच्या मोजणीच्या निकालाचा कागद डॉ. मुल्लाणींनी मला टपालाने पाठवला. सोबत पत्र नव्हते. मी तो डायरीत, शेवटच्या टिंबाच्या पानाला लावून ठेवला आहे.

सांधलेले अस्थिबंध ७. त्यांपैकी निकामी ५.